नव्या ब्लॉगचा उंबरठा आणि पानागीसचा पाय

आमच्या बेटावरच्या लिक्सूरी गावाहून खाडीपलीकडच्या आर्गोस्तोली शहराला जाणाऱ्या फेरीबोटीवर झाम्बेताचा कॉफीचा ठेला होता, आणि त्या ठेल्यामागे बसून ती एक ब्लॉग लिहीत असे. नाव होतं 'मागच्या बाकावरून'. मागच्या बाकावर कोण कोणाशेजारी बसलं, कोणाच्या पिशवीतून कोंबडा निसटला, आर्गोस्तोलीचा कोणता साहेब चढताना तोऱ्यात होता आणि लाट आल्यावर कसा संतांच्या नावाने धावा करायला लागला, असलं सगळं त्यात यायचं. आम्ही लिक्सूरीकर मुळातच पलीकडच्यांची टर उडवायला टपलेले, त्यामुळे ब्लॉग आवडीने वाचला जाई. पलीकडचेही चोरून वाचत. कोणी कबूल करत नसे, एवढंच.

ब्लॉग जिच्या जागेत होता त्या कंपनीने एका सकाळी कळवलं की आम्ही गाशा गुंडाळतोय, तुमचं सामान महिनाअखेरपर्यंत हलवा. झाम्बेताने ते वाचलं तेव्हा बोट भर खाडीत होती. कॉफी उतू गेली, कप्तानाच्या कपात साखर दोनदा पडली, आणि तिच्या तोंडून जे शब्द निघाले ते तिने ब्लॉगवर कधीच लिहिले नसते.

खरं सांगायचं तर तिला कोंबड्याची किंवा साहेबाची काळजी नव्हती. तिला काळजी होती पानागीसची.

पानागीस धक्क्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. विधुर माणूस, साठीला टेकलेला, कपड्यांना कायम डिझेलचा वास. झाम्बेताने काहीही लिहिलं की त्याखाली पहिली प्रतिक्रिया त्याची असायची, आणि तिची सुरुवात ठरलेली: 'एक चूक.' एक चूक, तो कोंबडा नव्हता, बदक होतं. एक चूक, वारा मागून नव्हता, डावीकडून होता. मग बदकवाले आणि कोंबडावाले असे दोन तट पडत, आर्गोस्तोलीकर टोपणनावं घेऊन मध्ये पडत, आणि ती जुगलबंदी आठवडाभर चाले. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने कोणाच्या टोमण्याची अशी वाट बघावी, हे झाम्बेताला स्वतःलाही हास्यास्पद वाटे. पण ती वाट बघे, रोज.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने आईला सांगितलं, "आई, आता हलावं लागणार."

तिची आई रुबीनी रानभाजी निवडत होती. भाजीची जुडी परातीत पडली. "कुठे? समोर? आर्गोस्तोलीला? त्याआधी मला पुरून जा!"

"मी नाही गं. ब्लॉग."

"तो कुठे राहतो?"

"कंप्युटरवर."

"म्हणजे कंप्युटर जाणार?"

"कंप्युटर इथेच. ब्लॉग नव्या जागेत."

रुबीनीने जरा विचार केला. ब्लॉग म्हणजे काय हे तिला कधी कळलं नव्हतं, पण नवी जागा म्हणजे काय ते पक्कं कळत होतं. "भाडं?"

"फुकट आहे."

"फुकट जागेत तर आधी पाय बघून घ्यावा. पहिला कोण येणार आत?"

आता आमच्याकडे हा प्रश्न थट्टेचा नाही. नवं घर असो, नवं दुकान असो, नाहीतर नुसती महिन्याची पहिली तारीख असो, उंबरठ्यावर पहिला पाय कोणाचा पडतो यावर पुढचं सगळं ठरतं. चांगल्या पायाची माणसं गावात ठाऊक असतात. त्यांना बोलावून आणतात, उजवा पाय आधी टाकायला लावतात, दारात डाळिंब फोडतात, हातावर साखरेतले बदाम ठेवतात. वाईट पायाची माणसंही ठाऊक असतात.

"जो येईल तो येईल," झाम्बेता म्हणाली. "आई, ते वाचायचं असतं. लोक येतात, वाचतात, जातात."

"पण रोज सगळ्यात आधी कोण येतं?"

झाम्बेता दमलेली होती, म्हणून खरं बोलून गेली. "पानागीस."

रुबीनीने छातीवर तीनदा क्रूस काढला. मग भाजीवर काढला. मग कंप्युटरवरही काढला.

पानागीसचा पाय साऱ्या लिक्सूरीत प्रसिद्ध होता. नवी बेकरी उघडली तेव्हा पहिलं गिऱ्हाईक तो, आणि दुपारच्या आत धुराडं खाली आलं. नवी फेरीबोट आली तेव्हा पहिला चढला तो, आणि बोट धक्क्याला लागायची ती धक्क्यात घुसली. चुलतभावाच्या नव्या घरात पहिला पाय त्याने ठेवला आणि त्याच आठवड्यात भूकंप झाला. भूकंप साऱ्या बेटाला झाला होता, पण खापर त्याच्या एकट्याच्या पायावर फुटलं. हात मात्र सोन्याचे! त्यामुळे लोक त्याला होडीवर बोलवत नसत, इंजिन उचलून त्याच्या शेडमध्ये आणत.

पानागीसनेही हे कधी मनाला लावून घेतलं नाही, निदान तसं दाखवलं नाही. पहिल्या तारखेला दुपारपर्यंत तो घराबाहेर पडत नसे. बोटीवर सगळ्यांच्या शेवटी चढे. रुबीनीच्या दारी मासे घेऊन येई तेव्हा फाटकाबाहेरच थांबे, आणि रुबीनी त्याला कॉफी कुंपणावरून देई. गप्पा भरपूर होत, हास्यविनोद होत, पण फाटकाची कडी इतक्या वर्षांत एकदाही उघडली गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रुबीनी काठी टेकत त्याच्या शेडमध्ये गेली. तिचा पाय चांगला होता, तिला कुठेही शिरता येई.

"पानागीस, बाळा, पहिल्या तारखेला आमच्या झाम्बेताचा ब्लॉग नव्या जागेत जातोय."

"ऐकलं, मावशी. अभिनंदन."

"तर तू..."

"समजलं." त्याने हातातला पाना खाली ठेवला. "मी आधी नाही येणार."

"शहाणा माझा. नंतर ये हो. सगळे येऊन गेले की ये."

"सगळे कधी येऊन जातात, मावशी? इंटरनेटवर माणसं येतच राहतात."

रुबीनीने डोकं खाजवलं. "तेही खरंच."

"मग मी येतच नाही," पानागीस म्हणाला. "उगाच कशाला धोका."

रुबीनी घरी आली ती कौतुक करतच. "देवमाणूस आहे गं! एका शब्दात ऐकलं."  झाम्बेताने कांदा चिरायला घेतला आणि गरजेपेक्षा बराच जास्त चिरला.

बिऱ्हाड हलवायचं काम तिने एकटीने केलं. एका व्हिडिओतला माणूस 'अगदी सोपं आहे' असं म्हणत इतक्या वेगाने बोलत होता की तिला तो दर वाक्याला थांबवावा लागे. शेवटी सामान पोचलं, पण कुठल्याही सामानाची होते तशी थोडी मोडतोड झालीच. सगळे फोटो आडवे झाले. आर्गोस्तोलीचा साहेब आता बाकासकट आडवा पडलेला दिसू लागला, आणि ते काही वाईट नव्हतं. तारखा मात्र सगळ्या एकच झाल्या. कोंबडा निसटला, इंजिन बंद पडलं, नवरी वऱ्हाडाला विसरून एकटीच पलीकडे गेली, पाद्री पाण्यात पडला, हे सगळं एकाच मंगळवारी घडल्यासारखं दिसत होतं. मध्ये एकदा यंत्राने विचारलं होतं, प्रतिक्रियाही सोबत न्यायच्या का? झाम्बेताने 'हो'वर बोट दाबलं होतं, चांगलं जोरात.

पहिली तारीख उजाडली. रुबीनीने टेबलावर भरतकामाचं कापड घातलं, त्यावर कंप्युटर मांडला, शेजारी तुळशीची जुडी ठेवली. पवित्र पाणी शिंपडायचा तिचा विचार होता, पण झाम्बेता कंप्युटरवर आडवी पडली, तेव्हा पाणी झाम्बेतावरच गेलं. डाळिंब दारात फुटलं. आणि बेकरीवाली मारियेताकाकू आली. तिचा पाय लिक्सूरीतला पहिल्या नंबरचा. धुराडं पडल्यावर बेकरीत दुसऱ्यांदा पहिला पाय तिने ठेवला होता, आणि तेव्हापासून तिथे पावासाठी रांग लागते.

"हे घ्या, काकू," झाम्बेता म्हणाली. "इथे बोट दाबा की झालं."

"बोट?" रुबीनी ओरडली. "पायगुण बोटात असतो होय? पायाने दाबायचं. उजव्या!"

"आई, लोक हसतील."

"कोण बघतंय? ब्लॉगला डोळे आहेत का?"

मारियेताकाकूने मोजा काढला. हे काम ती गंभीरपणे घेते. रुबीनीने तिला पाठीमागून धरलं, झाम्बेताने खुर्ची धरली, आणि काकूचा उजवा पाय हळूहळू टेबलावर चढला. अंगठा जाड, बटणं बारीक. आधी आवाज वाढला. मग व्हिडिओतला माणूस अचानक उगवला आणि 'अगदी सोपं आहे' म्हणाला. काकूने दचकून त्यालाही लाथ घातली. शेवटी कुठलं तरी बटण बरोबर लागलं, नवा ब्लॉग उघडला, आणि पाय मागे घेता घेता त्याखाली पहिली नवी प्रतिक्रियाही पडली: 'ललललललल.'

"काय लिहिलं मी?" काकूने मोजा चढवत विचारलं.

"आशीर्वाद," रुबीनी म्हणाली आणि तिच्या हातावर बदाम ठेवले.

मग शांतता पसरली. झाम्बेताने बोटीवरच्या बकरीबद्दल लिहिलं. कोणी काही बोललं नाही. मेयरच्या टोपीबद्दल लिहिलं. त्याखालीही काही नाही. लोक येत होते, आकडा वाढत होता, पण सगळे आत येऊन मुकाट निघून जात होते. ती सकाळी ठेला उघडायच्या आधी बघे, कॉफी ओतताना बघे, धक्का आला की बघे. काकूचं ते 'ललललललल' सोडलं तर तिथे माणसाचा आवाज नव्हता.

तिने कप्तानालाच धरलं. "वाचलंत का?"

"वाचलं की. बकरी झकास."

"मग एक शब्द लिहायला हात झिजतात?"

"अगं, पानागीस अजून बोलला नाही," कप्तान म्हणाला. "ती बकरी होती का मेंढी, हे त्याने सांगितल्याशिवाय आम्ही भांडायचं कशावर?"

तेव्हा तिने ठरवलं की सरळ बोलावून येत नसेल तर चिडवून आणायचा. तिने लिहिलं की आमच्या बोटीला पाण्याखाली तीन पंखे आहेत. एक होता. तिने लिहिलं की आर्गोस्तोलीचे खलाशी आमच्यापेक्षा चांगली गाठ मारतात. हे वाचून गावात दोन घरी जेवणं झाली नाहीत. शेवटी तिने लिहिलं की फेरीबोटीचं इंजिन गेली कित्येक वर्षं ऑलिव्हच्या तेलावर चालतं आणि त्यामुळेच धूर इतका रुचकर असतो.

त्या दिवशी पानागीस धक्क्यावर येरझाऱ्या घालताना दिसला. मासेवाल्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. तो समुद्राकडे तोंड करून म्हणत होता, "ऑलिव्हच्या तेलावर! ऑलिव्हच्या!" पण ब्लॉगवर आला नाही.

मग झाम्बेता ठेला बंद करून तडक शेडमध्ये गेली.

"तू बोलत का नाहीस?"

"मी आत आलेलोच नाही."

"मग तेलाचं कसं कळलं?"

"कप्तानाने वाचून दाखवलं. मी बाहेर उभं राहून ऐकलं. तेवढं चालतं."

"पानागीस, पुरे झालं आता. ये ना. काही होत नाही."

तो इंजिन पुसत राहिला. ते केव्हाच पुसून झालं होतं. "झाम्बेता, बेकरीचं धुराडं पडलं, मला काही वाटलं नाही. ते वाकडंच होतं. पण तुझ्या त्या ब्लॉगला काही झालं तर मी काय करू? साऱ्या गावात ते एकच घर होतं जिथे मी दाराबाहेर थांबलो नाही. धडधडीत आत यायचो, सगळ्यांच्या आधी, बुटांसकट. तिथे काही कोसळलेलं मला बघवणार नाही."

 झाम्बेताला रडू येत होतं आणि त्याच्या कानशिलात एक ठेवून द्यावी असंही वाटत होतं. दोन्हीपैकी काहीच न करता ती घरी आली.

घरी रुबीनी वेगळ्याच काळजीत होती. "मारियेताचा पाय कधी फुकट जात नाही. आणि तुझ्या जागेत स्मशानशांतता. याचा अर्थ एकच. तिच्याआधी कोणीतरी आत शिरलं होतं."

"कोण शिरणार आई?"

"बघ तर खरं. अगदी तळाशी बघ. चोर तळाशी लपतात."

झाम्बेताने वैतागून तळ गाठला. सगळ्यात जुनं लिखाण उघडलं. रुबीनीने चष्मा लावला, नाक पडद्याला टेकवलं, आणि अशी किंचाळली की शेजारची कोंबडी ओरडायला लागली.

"पानागीस! हा बघ! सामानात लपून आला!"

"लपून नाही आला. जुन्या प्रतिक्रिया मीच आणल्या. हो म्हणून सांगितलं होतं मी."

"म्हणजे मारियेताने पाय ठेवला तेव्हा हा आत बसलेला होता? पाय वर करून?" रुबीनी खुर्चीत कोसळली. मग पुन्हा पडद्याशी गेली. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. "'एक चूक. ही बोट सकाळी उशिरा सुटली नाही, तुझं घड्याळ पुढे आहे.' हे कधीचं?"

"पहिल्या दिवसाचं. मी पहिल्यांदा लिहिलं, त्या दिवसाचं."

"पहिल्या दिवशीही हाच पहिला?"

"हाच."

"तुझे बाबा गेले त्या हिवाळ्यात ना गं?" रुबीनीचा आवाज उतरला. "तू तेव्हा कोणाशी बोलत नव्हतीस. मी विचारलं तरी नुसती मान हलवायचीस. मला वाटलं होतं, गेली माझी पोर."

"ते घड्याळ बाबांचं होतं," झाम्बेता म्हणाली. "पुढे आहे म्हणाला म्हणून मला इतका राग आला, की मी त्याला उत्तर लिहिलं. त्यानेही लिहिलं. मग मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं."

रुबीनीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिच्या डोक्यात हिशेब चालला होता आणि तो कुठे निघाला होता हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ब्लॉग नवा होता तेव्हाही पहिला पाय पानागीसचा. त्यानंतर लेक बोलायला लागली. हसायला लागली. पलीकडचेसुद्धा चोरून वाचायला लागले.

"मग ती कंपनी का बुडाली?" तिने शेवटचा प्रयत्न करून पाहिला.

"त्या कंपनीत तो कधी गेला नव्हता, आई."

 रुबीनीने काठी घेतली, अंगणात गेली, आणि फाटकावरून गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारली. "पानागीस! ए पानागीस! असशील तसा ये!"

तो तसाच आला, हाताला काळं तेल, आणि सवयीने फाटकाबाहेर थांबला. "काय झालं, मावशी? मासे हवेत?"

रुबीनीने कडी काढली. इतकी वर्षं न हललेली कडी, तिला दोन्ही हात लावावे लागले. "आत ये."

पानागीस जागचा हलला नाही. त्याने झाम्बेताकडे पाहिलं. ती दारात उभी होती. "मावशी, आत काचेचं कपाट आहे ना तुमचं? लग्नातलं?"

"आहे. मी धरते. तू ये."

आणि ती खरोखरच आत गेली आणि कपाटाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभी राहिली. पानागीसने बूट पुसले. पुन्हा पुसले. उजवा पाय उचलला, उंबरठ्यावर जरा तोलला, आणि आत ठेवला.

तिघांनीही वर छताकडे पाहिलं. मग दिव्याकडे. मग भिंतीवरच्या संताच्या तसबिरीकडे. कुठे काही हललं नाही. बाहेर कोंबडीसुद्धा गप्प होती.

"काहीच नाही?" रुबीनी म्हणाली. तिचा जरासा विरस झाल्यासारखा वाटला.

पानागीसने मग दुसरा पाय आत घेतला. टेबलावर कंप्युटर उघडा होता. तो वाकला. ऑलिव्हच्या तेलाचा मजकूर त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पहिल्यांदा वाचला आणि त्याच्या मानेवरच्या शिरा फुगल्या.

"एक चूक," तो म्हणाला.

"मला सांगू नकोस," झाम्बेता म्हणाली. तिने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते लपवले नाहीत. "तिथे लिही."

तो बसला आणि काळ्या बोटांनी एकेक अक्षर दाबू लागला. बंदरात कोणाचा तरी फोन वाजला असावा, कारण थोड्याच वेळात पहिली भांडखोर उत्तरं येऊ लागली. रुबीनीने हळूच कपाट सोडलं, त्याचं दार उघडलं, आणि लग्नातल्या कपांमधून पानागीससाठी तिसरा कप बाहेर काढला.